वैयक्तिक आराखडा, पण सगळ्यांचा एकच

उद्या केंद्रप्रमुख शाळेची तपासणी करायला येणार असा निरोप ग्रुपवर पडलाय? घाबरू नका, गुरुजी. दिव्यांग मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करायला आधी ते मूल माहीत असावं लागतं, हा गैरसमज आहे. झेरॉक्सवाला माहीत असला की पुरे.

पहिला आराखडा तेवढा मन लावून लिहा. 'बालकास सरावाची गरज आहे' हे वाक्य कमी दिसणाऱ्या मुलीला बसतं, ऐकू न येणाऱ्या मुलाला बसतं, स्वमग्न मुलालाही बसतं. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. दिल्लीत एवढा विचार झालेला असताना तुम्ही आणखी कशाला डोकं शिणवता? नाव बदला, हजेरी क्रमांक बदला. (एकाच्या आराखड्यात 'ती' आणि दुसरीच्या आराखड्यात 'तो' राहून जातो, तेवढं बघा.)

'उद्दिष्ट' या रकान्यात 'स्वतःचे नाव लिहील' असं टाका. ते साध्य झालं तर पुढच्या वर्षी नवं शोधावं लागतं, म्हणून फार मागे लागू नका.

व्हरांड्यापर्यंत रॅम्प आहे ना? फोटो काढा. शौचालयाच्या दोन पायऱ्या फोटोत येऊ देऊ नका. फिरते विशेष शिक्षक आले तर त्यांना आधी सहीचं रजिस्टर दाखवा. त्यांना आणखी बऱ्याच शाळा गाठायच्या असतात, मूल मधल्या सुट्टीत भेटेलच.

खरा त्रास न दिसणाऱ्या अडचणीचा. चौथीतला मुलगा 'घर'चं 'धर' वाचतो, 'भ' आणि 'म'मध्ये अडखळतो, तोंडी मात्र सगळं फटाफट सांगतो. इथे अध्ययन अक्षमता वगैरे शब्द काढू नका, तपासणीला पाठवावं लागेल. 'हुशार आहे पण आळशी आहे' म्हणा. पालकही लगेच मान हलवतात. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे २०१६ च्या त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे, पण ते दहावीचा फॉर्म भरताना आठवलेलं बरं. तोवर 'आळशी' हे त्याचं त्यालाही पटलेलं असतं.

शेजारच्या वर्गातल्या बाईंच्या नादी लागू नका. त्या कमी दिसणाऱ्या मुलीला पहिल्या बाकावर बसवतात, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितात, वाचताना अडखळणाऱ्या मुलाचा धडा तोंडी घेतात. त्यांची फाइल कोरी आहे. उद्या त्यांना 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा मिळेल आणि नमुना म्हणून तुमची फाइल बघायला पाठवतील. आल्या की चहा सांगा.