साठच्या दशकातली वेशभूषा आणि ‘अंधानुकरणा’चा आक्षेप : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अभिनेत्री साधना हिची केशरचना आणि साठच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांची वेशभूषा या विषयावरच्या माझ्या लेखाला आपण इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की ज्या सौंदर्याच्या आठवणीत मी रमले ते मुळात हॉलिवूडमधून उचललेले होते. त्याने गोऱ्या रंगाचा एकच साचा घराघरांत नेला आणि सावळ्या मुलींच्या मनात न्यूनगंड पेरला. आणि आपल्या आया-मावश्यांचे खरे आयुष्य स्वयंपाकघरात व रेशनच्या रांगेत गेले असताना त्यांना त्या झगमगाटाशी जोडणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. ‘अंधानुकरणाला स्मरणरंजनाचा मुलामा’ असे शब्द आपण वापरले आहेत. हे तिन्ही आक्षेप मला सारख्या वजनाचे वाटत नाहीत, म्हणून आपला क्रम सोडून उत्तर देते.

रंगाविषयीचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. हिंदी चित्रपटाने, आणि त्याच्या आधाराने फोफावलेल्या जाहिरातींनी, गोरेपणाला जे स्थान दिले त्याचे समर्थन मी कधीही करणार नाही. 1941 साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या; त्या जाहिरातीत दिसलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. नटीच्या कांतीचा आणि दुकानातल्या वडीचा संबंध तेव्हापासून लोकांच्या मनात पक्का झाला. 1975 साली फेअर अँड लव्हली बाजारात आली आणि तिच्या नावातून ‘फेअर’ जाण्यासाठी 2020 साल उजाडावे लागले. मधल्या पंचेचाळीस वर्षांत ‘निमगोरी’, ‘गहूवर्णी’, ‘सावळी पण तरतरीत’ अशी वर्णने आपल्याकडच्या किती मुलींनी दाराआडून ऐकली असतील, याची कल्पना आपल्याइतकीच मलाही आहे. स्मिता पाटील यांचा सावळा चेहरा पडद्यावर आला तेव्हा अनेकींना हायसे वाटले, कारण तोवर त्यांच्यासारखे कोणी नायिका म्हणून तिथे क्वचितच दिसले होते. इथपर्यंत आपल्यात मतभेद नाही.

मतभेद आहे तो पुढच्या पायरीवर. चेहऱ्याविषयीचा हा अन्याय खरा आहे म्हणून त्या काळाची सगळी वेशभूषाही टाकाऊ ठरवावी, असे आपल्या प्रतिक्रियेतून ध्वनित होते. मला या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात. चेहरा सुंदर की नाही हे ठरवण्याचा हक्क समाजाने नेहमी दुसऱ्यांच्या हाती दिला. कपड्याचे माप मात्र तो घालणारीच्याच अंगावरून घेतले जाते. नटीची कांती कोणाला उसनी घेता येत नाही. तिच्या कुर्त्याचा गळा उसना घेता येतो, तो स्वतःच्या खांद्यांना शोभेल असा रुंद किंवा अरुंद करता येतो, आणि आवडला नाही तर पुढच्या वेळी बदलता येतो. माझा लेख या दुसऱ्या गोष्टीविषयी होता.

आता उसनवारीविषयी. ‘लव्ह इन शिमला’ 1960 साली आला. साधनाचे कपाळ रुंद होते, आणि ते झाकण्यासाठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी हॉलिवूडची नटी ऑड्रे हेपबर्न हिच्यासारख्या बटा कपाळावर आणण्याची युक्ती काढली. मूळ परके होते, हे अगदी खरे. पण ‘साधना कट’ हे नाव घेऊन ती केशरचना आपल्या गावांत आली तेव्हा तिचा अर्थ पार बदलला. तेल चोपडून, घट्ट दोन वेण्या घालून शाळा-कॉलेजात जाण्याची शिस्त असलेल्या घरात मुलीने चार बटा कात्रीने कापून कपाळावर सोडणे, आणि ‘कुंकू झाकलं जातंय’ या आजीच्या बोलण्याला उत्तर देणे, याला हिंमत लागत असे. एका नटीचे कपाळ झाकायला निघालेली ही युक्ती अरुंद कपाळाच्या मुलींनीही हौसेने उचलली. त्यांना काही झाकायचे नव्हते. आपल्या डोक्यावरच्या केसांचा निर्णय एकदा आपण घ्यावा, एवढेच त्यांना हवे होते.

1965 सालच्या ‘वक्त’मधला साधनाचा बिनबाह्यांचा तंग कुर्ता आणि चुडीदार यांना तर हॉलिवूडची नक्कल म्हणताच येणार नाही. चुडीदार उत्तर हिंदुस्थानात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. वेशभूषाकार भानू अथैया यांनी त्याला अंगासरसा, सुटसुटीत आकार दिला आणि तो शहरातल्या तरुण मुलीचा पोशाख झाला. भानूताई मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातल्या. त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी वेशभूषेची रेखाटने करू लागल्या, आणि तिथून चित्रपटांकडे वळल्या. 1966 सालच्या ‘आम्रपाली’साठी त्यांनी वैजयंतीमाला यांची वस्त्रे बेतली ती अजिंठ्याची भित्तिचित्रे अभ्यासून. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी 1983 साली त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. अजिंठ्याच्या भिंतीपासून खादीच्या पंचापर्यंत ज्या बाईची नजर फिरली, तिच्या कामाची ओळख ‘उचललेले’ या एका शब्दात करून द्यावी, हे मला पटत नाही. मराठी वाचकांनी तरी तिच्याविषयी अधिक जिव्हाळ्याने बोलावे, अशी माझी इच्छा आहे.

आपला तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटला, कारण त्यात आपल्या आईविषयीची माया दिसते. तिने आयुष्यभर काटकसर केली, चित्रपट पाहायला तिला सवड नव्हती, असे आपण लिहिले आहे. अशा बायका मीही पाहिल्या आहेत. माझी आत्या मिरजेला राहत्या घरी शिवणक्लास चालवीत असे, आणि तिच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली-बायका रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्याच होत्या. कंट्रोलचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाचे, कापड घेणारी आणि ब्लाउजच्या गळ्याचा विचार करणारी बाई वेगवेगळी नव्हती. चित्रपट सगळ्यांनी पाहिलेला नसे. एखादीने पाहिलेला असे, दुसरीकडे मासिकातले कात्रण असे, आणि बाकीच्या त्या दोघींच्या वर्णनावरून अंदाज बांधत. बाजारात तयार मिळत नव्हते आणि मिळाले तरी परवडत नव्हते, म्हणून पडद्यावर दिसलेले आधी समजून घ्यावे लागे आणि मगच ते शिवता येई.

चुडीदार हे याचे उत्तम उदाहरण आहे. नुसता पाहून तो बेतता येत नाही. सरळ धाग्यावर कापलेला चुडीदार पायाला घट्ट बसतो खरा, पण खाली बसताना गुडघ्यावर ओढ घेतो आणि शिवणीत उसवतो. त्यासाठी कापड तिरके यावे लागते, आणि पन्ह्याचे कापड तिरके कापायला गेले तर फार वाया जाते. म्हणून आधी कापडाची तिरकी पिशवी शिवायची, ती नीट सपाट पसरायची, आणि मग तिच्यावर पायाचे माप टाकायचे. असे केले की धागा आपोआप तिरका येतो, कापड पायाबरोबर ताणते आणि नासाडीही टळते. लांबी पायापेक्षा चांगली वीतभर जास्त ठेवायची, म्हणजे घोट्यावर चुण्या पडतात. आत्या हे आधी वर्तमानपत्राच्या कागदावर करून दाखवी. कागदाची पिशवी डिंकाने चिकटवून ती मुलींच्या हातात देई आणि ‘आता धागा कुठून कुठे जातो ते बोटानं दाखव’ असे विचारी. बोट बरोबर फिरले नाही, तर कापडाला कात्री लावू देत नसे.

तिच्याकडून शिवून बाहेर पडलेला पोशाख साधनाचा राहिलेला नसे, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. बिनबाह्यांच्या कुर्त्याला छोटी बाही येई. कुर्त्याची लांबी वाढे, बाजूची चीर खाली सरके, अंगातला तंगपणा टक उसवून सैल केला जाई आणि शिवणीत दोन बोटे कापड जास्त ठेवले जाई, कारण तोच कुर्ता पुढे धाकट्या बहिणीलाही व्हायचा असे. ब्लाउजच्या बाबतीत तर हे रोजचेच होते. पडद्यावरचा खोल गळा टू बाय टू या सुती कापडाच्या साध्या ब्लाउजवर येताना किती वर घ्यायचा, कटोरी (वाटीच्या आकाराचा वेगळा तुकडा) घालायची की नुसते टक घ्यायचे, हुक पुढे की मागे, यावर त्या बायका तास न्‌ तास बोलत. त्यांच्या आयुष्यात फार थोड्या गोष्टी त्यांना विचारून ठरत असत; या गोष्टी त्या स्वतः ठरवत होत्या.

‘ब्रह्मचारी’ या 1968 सालच्या चित्रपटातली मुमताजची नारिंगी साडी आपण ‘अंगप्रदर्शनाचा नमुना’ म्हणून घेतली आहे. तिच्याकडे शिवणाऱ्याच्या नजरेने पाहावे, अशी विनंती करते. शम्मी कपूरबरोबरच्या त्या वेगवान नृत्यात नेसलेली साडी सुटली असती. म्हणून भानू अथैया यांनी ती आधीच शिवून, चेन लावून तयार केली. आज गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मोटारसायकलवर बसणाऱ्या मुली शिवलेली नऊवारी घालतात. तिचा वंश थेट त्या नारिंगी साडीपर्यंत पोहोचतो असा माझा दावा नाही. पण प्रश्न तोच आहे. साडीत हवे तसे हलता यावे आणि निऱ्यांची चिंता नसावी, या गरजेला दोन्ही ठिकाणी सुई-दोऱ्यानेच उत्तर दिले.

म्हणून ‘अंधानुकरण’ हा आपला शब्द मला मान्य करता येत नाही. जी बाई पाहिलेला कपडा मनातल्या मनात उसवते, त्याचा धागा कुठून कुठे जातो हे शोधते, आपल्या घराला, आपल्या खिशाला आणि आपल्या अंगाला मानवेल असा तो पुन्हा बेतते, ती डोळे मिटून काही करत नसते. आपल्या आईने चित्रपट पाहिले नसतील, परंतु तिचे ब्लाउज कोण शिवत असे आणि त्यांचे गळे वर्षागणिक बदलत गेले का, हे तिला एकदा जरूर विचारावे. उत्तर काहीही आले तरी ते वाचायला मला आवडेल.

रंगाविषयी आपण जे लिहिले आहे त्यावर मात्र स्वतंत्र लेख व्हायला हवा, आणि तो आपणच लिहावा असे मला वाटते. जुन्या मासिकांतल्या साबण, स्नो आणि पावडरच्या जाहिरातींची कात्रणे माझ्या संग्रहात आहेत. आपण लिहिणार असाल, तर त्यांच्या प्रती मी आनंदाने पाठवीन.