एकाच स्टाफरूममधली दोन म्हातारपणं

मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आठवडाभर संपावर होते. त्याच आठवड्यात इथे इंग्लंडमध्ये शिक्षक आणि ज्युनिअर डॉक्टर पगारवाढीसाठी कामावर गेले नाहीत. आमच्या नातेवाइकांच्या लेखी इथला संप हक्काची लढाई होता आणि तिथला माज. हा दुजाभाव मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

तिथला राग खोटा नव्हता. ऐन अवकाळी पावसात पिकांचे पंचनामे रखडले, सरकारी दवाखान्यांत परिचारिका नव्हत्या, बोर्डाच्या परीक्षा चालू होत्या. वर्षानुवर्षं भरतीची वाट पाहणारा मुलगा 'हेच काम मी अर्ध्या पगारात करतो' म्हणाला, तर त्याच्याशी वाद कसा घालायचा? पण इथेही शाळा बंद राहिल्या, रुग्णांच्या तारखा पुढे गेल्या. संपाने कुणाची तरी अडचण होतेच.

महाराष्ट्रातलं मूळ दुखणं 1 नोव्हेंबर 2005 या तारखेत आहे. त्याआधी लागलेल्या शिक्षकाला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. त्यानंतर लागलेल्याचे दरमहा दहा टक्के कापून बाजारात गुंतवायचे, सरकारने आपला वाटा घालायचा आणि निवृत्तीनंतर हाती किती पडेल ते बाजार ठरवणार. एकाच स्टाफरूममध्ये, तेच वर्ग शिकवणारी दोन माणसं, आणि म्हातारपण मात्र वेगवेगळं.

ब्रिटनमध्येही पेन्शनवरून भडका उडाला होता. 30 नोव्हेंबर 2011 ला लाखो सरकारी कर्मचारी एकाच दिवशी संपावर गेले. पुढे 2015 पासून नव्या योजना आल्या: पेन्शन शेवटच्या पगारावर न ठरता नोकरीभरच्या कमाईवर ठरू लागली, निवृत्तीचं वय वाढलं, पण ठरलेल्या पेन्शनची हमी राहिली. त्यातही निवृत्तीला टेकलेल्यांना जुन्या योजनेत ठेवून तरुणांना नव्या योजनेत ढकललं, तेव्हा 2018 मध्ये अपील न्यायालयाने हा वयावरून केलेला भेदभाव ठरवला, आणि सरकारला तो निस्तरावा लागला.

म्हणून माझं मत असं: कर्मचाऱ्यांचं हमी मागणं रास्त होतं. जुनी योजना जशीच्या तशी, अंशदानाशिवाय, म्हणजे पगारातून काहीही न कापता, मागणं रास्त नव्हतं, कारण ते ओझं आज नोकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांवरच येईल. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली आणि महाराष्ट्राने ती लगोलग स्वीकारली. पंचवीस वर्षं सेवा झाली तर निम्म्या मूळ वेतनाची हमी, आणि अंशदान चालूच. हा तोडगा संपाआधी टेबलावर ठेवता आला असता. बऱ्याच संघटनांना तो अजून अपुरा वाटतो. मला तो योग्य दिशेचा वाटतो.

डिसेंबर 2023 मध्ये अंगणवाडी सेविका मानधन, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनसाठी संपावर गेल्या. त्यांना यातली कुठलीच पेन्शन नाही. शिक्षकांवर तावातावाने बोलणाऱ्या आमच्या घरात त्यांच्याबद्दल मात्र चकार शब्द निघाला नाही.