एवढं एकच बदलू

आमच्या दारात एक टाटा ४०७ उभी असते. १९९८ चं मॉडेल. ती किती किलोमीटर चालली हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. मीटर पाच आकडी. तो नव्व्याण्णव हजारांवरून गरकन फिरून शून्यावर आलेला अण्णांनी स्वतः पाहिलाय. पुढच्या फेरीत कधीतरी त्याची केबल तुटली आणि हिशेब तिथेच संपला.

कागदोपत्री ती दोन-सव्वादोन टनांची. पण टन हे वजनाचं माप आहे हे अण्णांना कधी मान्यच नव्हतं, त्यांच्या लेखी ते हिमतीचं माप. मागे त्यांनी स्प्रिंगचे जास्तीचे पाटे घालून घेतले आणि आल्याची पोती, गुळाच्या ढेपा, कुणाकुणाचे संसार असं वाट्टेल ते भरून ही गाडी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेली नि चढून परत आली. १९८६ साली ४०७ बाजारात आली तेव्हा जपानी भागीदारीतल्या चार कंपन्या मैदानात होत्या, ही कथा घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकावी लागते. "समदं जपान चालून आलं हुतं. हिच्यापुढं कुणाची डाळ शिजली का?" माझ्या लग्नाच्या बोलणीत पाहुण्यांना आधी गाडी दाखवली होती, मग मला.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे ती रस्त्यावर चालण्यालायक आहे का याची सरकारी तपासणी, करावी लागते. यंदाची तारीख जवळ आली म्हणून एका गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. त्यानं गाडीला प्रदक्षिणा घातली, टायरला लाथ घातली, खाली वाकून काहीतरी हलवलं, ते हललं, मग दुसरं हलवलं, तेही हललं. त्यानं सांगितलेला खर्च भंगारवाला देईल त्या रकमेपेक्षा जास्त होता. "एवढ्यात दुसरी बघा की," असं तो सहज बोलून गेला. अण्णांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मे महिन्याची सुट्टी होती. मी हायस्कुलात गणित शिकवतो, पुतण्या डिप्लोमाला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षात, आणि गल्लीच्या टोकाला एक निवृत्त मिस्त्री, ज्यांची कंबर गेली आहे पण जीभ शाबूत आहे. "घरीच करू" हे कोण पहिल्यांदा बोललं यावर आमच्यात अजून एकमत नाही.

हत्यारं होती. अण्णांच्या पत्र्याच्या पेटीत दहा-अकरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा असे सगळे पाने निघाले, फक्त बारा-तेराचा नाही. बारा-तेराचा पाना कोणाच्याच पेटीत नसतो. शेजारून आणलेला पाना संध्याकाळपर्यंत आमच्याही पेटीतून गेला.

सुरुवात क्लचपासून झाली, कारण गाडी नुसती ओरडायची, पळायची नाही. गिअरबॉक्स उतरवण्यातले हाल मी सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की, तो खाली येताना कोणाच्या तरी पोटावर यायला बघतो. नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं बसलं. गाडी सुरू केली, पहिला टाकला, क्लच सोडला, आणि खालून असा काही टण्णकन आवाज आला की, गोठ्यातली म्हैस उभी राहिली.

"क्रॉस गेलाय," मिस्त्री खुर्चीतून म्हणाले. क्रॉस म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टाचा सांधा.

"काल तर बरा होता."

"काल क्लच घसरत हुता. निम्मी ताकद तिथंच मरत हुती. आता समदी पोचली शाफ्टावर. त्यो काय सोसणार?"

या एका वाक्यात जुन्या गाडीचं सगळं शास्त्र आहे, आणि ते पुतण्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही. जुनी गाडी आघाडी सरकारसारखी चालते. कोणीच धड नसतो, पण एकमेकांचं उणं झाकून सगळे वर्षानुवर्षं तगून असतात. त्यात एक खमका माणूस आणून बसवला की बाकीच्यांचं पितळ उघडं पडतं. क्रॉस बदलला, तर मागच्या डिफरन्शियलमधून इतकी वर्षं दबलेली खणखण ऐकू यायला लागली. तिकडे आम्ही सर्वांनी मिळून कानाडोळा केला.

प्रत्येक वेळी पेटी बंद करताना आम्ही "एवढं एकच बदलू" म्हणायचो. सौभाग्यवतींनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की, घरचा जुना मिक्सर दाखवून त्या मलाच ते ऐकवायला लागल्या.

इंजिनाला मात्र मिस्त्रींनी हात लावू दिला नाही. पुतण्याला हेड उतरवायची फार हौस. त्यानं मला तोंडपाठ ऐकवलं, हे ४९७ इंजिन, चार सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, १०० चा स्ट्रोक, मिळून २९५६ सीसी. मास्तर असल्यामुळे मी लगेच पाटीवर घनफळ काढून पाहिलं. तंतोतंत येतं. फार समाधान वाटलं. "उत्तर बरूबर हाय न्हवं?" मिस्त्री म्हणाले. "मग झाका. चालत्या इंजिनाला मास्तरानं हात लावू नये."

खरी परीक्षा ब्रेकनं घेतली. मागचे लायनर बदलले, आणि नव्या लायनरवर पाय जोरात पडताच म्हाताऱ्या मास्टर सिलिंडरनं गळायला सुरुवात केली. म्हणजे तोही बदलला. आता पाइपात हवा शिरलेली, ती काढायची. काम सोपं आहे. एकानं वर बसून ब्रेक पंप करायचा आणि दाबून धरायचा. दुसऱ्यानं खाली झोपून चाकामागचा निप्पल अर्धा आटा सैल करायचा, नळीतून ऑइल आणि बुडबुडे बाटलीत सोडायचे, निप्पल आवळायचा, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. निप्पल उघडा असताना पाय उचलला की गेली तेवढी हवा परत आत. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, बुडबुडे थांबेपर्यंत करायची.

पुतण्या स्पेअर आणायला गेलेला. मिस्त्रींची कंबर. अण्णा बाजारात. तेव्हा केबिनमध्ये सौ., खाली मी. मागच्या चाकापासचा माझा आवाज तिला ऐकू येईना, म्हणून पुतण्याच्या धाकट्या भावाला मध्ये उभं केलं. वय सात. निरोप्या.

"दाब म्हणावं!"

"काकू, काका म्हणतात दाब!"

"धर म्हणावं!"

"धर म्हणतात!"

मी निप्पल सोडला. बाटलीत बुडबुडे फसफसले. आणि नेमका तेव्हा पाना बोल्टावरून घसरला. मी ओरडलो, "सोडू नको!"

निरोप्या अर्धंच वाक्य घेऊन पळाला. "काकू, सोड!"

तिनं सोडला. नळीनं सुर्र करून बाटलीतलं ऑइल, हवा आणि बहुधा एक मुंगी आत ओढून घेतली. पहिल्यापासून सुरू. पुढच्या वेळी मी हुशारीनं "दाबून ठेव" असं सांगितलं, तर तेवढ्यात भाजीवाली आली. सौ. वर पाय दाबून बसलेली, तिथूनच म्हणाली, "मेथी कशी दिली?" तिनं काय भाव सांगितला मला ऐकू आलं नाही, पण सौ. ठसक्यात म्हणाली, "सोड गं, एवढी कुठं असते का मेथी!" माझ्या निरोप्याला 'सोड' एवढाच शब्द कळायचा. तो मला येऊन म्हणाला, "काका, काकू म्हणते सोड." मी निष्ठेनं निप्पल पूर्ण सोडला. उरलेलं ब्रेक ऑइल माझ्या तोंडावर.

ब्रेक ऑइल रंग खातं. तोंडाचं पुढे काही झालं नाही, पण चिंधी पिळताना ते मागच्या फाळक्यावर उडालं, आणि अण्णांनी नुकताच दिलेला पिवळा रंग फुगून निघाला. खालून जुनी अक्षरं वर आली. 'हॉर्न ओके प्लीज'. २०१५ मध्ये राज्यात हे लिहायला बंदी आल्यावर अण्णांनी नाइलाजानं त्यावर रंग मारला होता. ते आता पुन्हा डोकावताना पाहून बाजारातून आलेले अण्णा जे काही खूश झाले, त्यामुळे माझी मेहनत वाया गेली असं मला म्हणता येईना.

दरम्यान पुतण्यानं 'अपग्रेड' नावाचं स्वतंत्र खातं उघडलं होतं. त्याच्या मते गाडी दुरुस्त करणं हे म्हाताऱ्यांचं काम. त्यानं गाण्यांची पेटी बसवली, मोबाइल चार्जिंगची खाच केली, पांढरेफेक दिवे लावले (हे डोळे दिपवतात म्हणून मिस्त्रींनी पासिंगआधी काढायला लावले, ते आता गोठ्यात आहेत आणि म्हैस रात्रभर जागी असते), आणि रिव्हर्स टाकला की बोलणारा हॉर्न आणला. त्यातली बाई अतिशय सभ्य आवाजात म्हणते, "कृपया लक्ष द्या, गाडी मागे येत आहे."

संध्याकाळी अण्णा गाडी घेऊन मळ्याकडे निघाले. चौकात डावीकडे वळायचं म्हणून त्यांनी डावा इंडिकेटर दिला. बाई म्हणाली, "कृपया लक्ष द्या, गाडी मागे येत आहे." मागच्या मोटारसायकलवाल्यानं घाबरून पाय टेकत टेकत मागे घेतली, त्याच्यामागच्या ट्रॅक्टरनं शिव्या घातल्या. अण्णा वळेपर्यंत बाई इंडिकेटरच्या तालावर तुकड्यातुकड्यानं बोलत राहिली. "कृपया… कृपया… कृपया…" चौकात सगळं थांबलं होतं, आणि अण्णा तेवढे शांतपणे पुढे जात होते.

दोष अर्थिंगचा निघाला. मागच्या दिव्यांच्या जोडाची अर्थची वायर गंजून तुटली होती. करंटला परतीचा रस्ताच उरला नाही, म्हणून तो इंडिकेटरच्या बल्बातून शेजारच्या रिव्हर्सच्या बल्बात शिरायचा आणि उलट्या वाटेनं त्या बाईकडे जायचा. पुतण्यानं बाईची अर्थ मात्र नव्या बोल्टावर चकचकीत घासून दिली होती, त्यामुळे ती बोलत होती. जुनी वायर गप तरी होती. नवीन वस्तू नीट जोडली तेव्हाच तिनं बोभाटा केला. मिस्त्री खुर्चीत बसून पोट धरून हसले आणि त्यातच कंबर आणखी धरून बसले.

शेवटी स्टिअरिंग. आमच्या गाडीचं स्टिअरिंग जवळजवळ पाव फेरा नुसतंच फिरायचं, मग चाकांना खबर लागायची. पासिंगला हे चालत नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन किंग पिनचे बुश बरोबर मापात करून आणले, टाय रॉडचे बॉल बदलले, स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल अशी चमकणारी पट्टी लावली. नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट तर आधीच बसली होती. आख्ख्या गाडीत तीच एक वस्तू अशी होती की, जिनं आणखी कशाचं पितळ उघडं पाडलं नाही. मी बोट लावलं की चाक हलत होतं. आम्ही काकाभतिजे एकमेकांकडे बघून हसलो.

अण्णा गाडीत बसले आणि दारातून बाहेर काढताना कुंपणाचा खांब घेऊन गेले.

मागे घेतली, पुन्हा काढली, तर दुसऱ्या बाजूच्या खांबाकडे. पंचवीस वर्षं ते वळणाच्या अलीकडेच पाव फेरा आगाऊ फिरवत आले होते. तो पाव फेरा गाडीतून निघाला, पण हातातून कसा निघणार? सगळे पार्ट बदलून झाले होते आणि जुना एकच उरला होता, तो सीटवर बसून मला शिव्या देत होता. "चांगली गाडी बिघडीवलीस. सरळ जायाचं म्हटलं तरी वळती."

पासिंगला मीच नेली. अधिकाऱ्यांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, वायपर फिरवायला लावला, पट्टी पाहिली, स्टिअरिंग हलवून पाहिलं आणि म्हणाले, "जुनी असून मेन्टेन केलीय बरं का." मी घरी येऊन हे शब्द अण्णांना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि काही न बोलता चपला घालून गल्लीच्या टोकाला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री, कंबर विसरून, आमच्या गाडीखाली झोपलेले दिसले. हातात कुठूनसा सापडलेला बारा-तेराचा पाना. स्टिअरिंग बॉक्सचा चेकनट सोडून ते स्क्रू उलटा फिरवत होते आणि वरून अण्णा हात दाखवून सांगत होते, "अजून थोडा. अजून थोडा. हां, बास." मग त्यांनी गाडी दारातून एका दमात बाहेर काढली, चौकात डावीकडे इंडिकेटर दिला, आणि बाई एक शब्द बोलली नाही.