पाऊण सुताचं इमान

कोल्हापुरात घरी विमान बांधायला घेतलं की पहिला आठवडा कौतुकात जातो आणि पुढची सगळी वर्षं "चालतंय की" ऐकण्यात जातात. शेडचं शटर अर्धं वर दिसलं की कुणी ना कुणी वाकून आत येतंच. आलेल्याला चहा विचारावा लागतो, आणि चहा संपायच्या आत तो पंखातल्या एखाद्या भोकावर बोट ठेवून मत देतो. मत देणारा अडाणी असता तर सोसलंही असतं. पण हे गाव उद्यमनगरचं. बोट ठेवणाऱ्यानं तीस वर्षं लेथ चालवलेली असते, शिरोलीत कास्टिंगं काढलेली असतात, ऐन हंगामात बसलेला गुऱ्हाळाचा चरक रातोरात उभा केलेला असतो. त्याच्या "चालतंय की"मागं अख्खा जन्म असतो. आणि चरकाला ते खरंच चालतं. चरक चुकला तर रस सांडतो. इमान चुकलं तर आपण सांडतो. (आमच्या पेठेत विमानाला इमानच म्हणतात. पहिले दोन महिने मी दुरुस्त करत होतो, मग सोडून दिलं.)

एक मात्र कबूल केलं पाहिजे. पत्र्याच्या विमानाची मापं जणू आमच्या मिस्त्रींना विचारूनच ठरवलीत. अमेरिकन रिव्हेटचा (पत्रे एकमेकांना जोडायला ठोकतात त्या खिळीचा) व्यास इंचाच्या बत्तिसाव्या भागांत मोजतात आणि लांबी सोळाव्या भागांत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून तीन नंबरचं रिव्हेट झालं पाऊण सूत, चार नंबरचं एक सूत. डबीवर 'एएन ४७० एडी ४-४' असं लिहिलेलं असतं. त्यात एएन म्हणजे अमेरिकन लष्करी मानक, ४७० म्हणजे वर गोल डोकं राहणारं. त्याच्या जागी ४२६ असेल तर शंभर अंशांच्या उताराचं, पत्र्यात सपाट बसणारं. एडी म्हणजे २११७ हा मिश्रधातू. पहिला चार व्यासाचा, दुसरा लांबीचा. एडी रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध सुईनं टोचल्यासारखा खड्डा असतो, तो बघूनच घ्यायचं. हार्डवेअरच्या दुकानातलं बादलीच्या कानाला मारायचं अ‍ॅल्युमिनियमचं रिबिट दिसायला सख्खा भाऊ, पण मऊ. पंखात ते मारलं तर बादलीच उडवायची तयारी ठेवावी.

आता हिशेब. ०.०३२ इंची दोन पत्रे जोडायचे, म्हणजे जाडी ०.०६४ इंच. रिव्हेटची लांबी म्हणजे पत्र्यांची जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. एक सुताच्या रिव्हेटला दोन्ही मिळून पाव इंच होतात, दोन सूत. ठोकल्यावर मागं जी टोपी तयार होते ती व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच हवी: दीड सूत रुंद, अर्धा सूत उंच. भोकाचा मध्य पत्र्याच्या काठापासून किमान दोन व्यास आत, म्हणजे दोन सूत. भोक तीस नंबरच्या ड्रिलनं, ३.२६ मिलिमीटर. बाजारात साडेतीनचं ड्रिल पटकन मिळतं आणि तिथंच पहिलं "चालतंय की" शिरतं. साडेतीनच्या भोकात एक सुताचं रिव्हेट खुळखुळतं. ठोकलं की ते फुगून भोक भरण्याऐवजी आतच वाकतं. वरून डोकं मात्र असं झकास दिसतं की बघणारा पाठ थोपटून जातो.

ठोकायला दोन माणसं लागतात. एकाच्या हातात हवेची गन, दुसऱ्याच्या हातात पत्र्यामागं धरायची लोखंडी ठोकळी, बकिंग बार. हातातली ऐरणच ती. आधी भंगार पत्र्यावर पाच-पंचवीस मारून बघायची. पाऊण सुताला चाळीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास सुरुवात करावी. हवा कमी पडली की रिव्हेट ठोके खात खात कडक होत जातं आणि मग फुगतच नाही. जास्त झाली की पत्र्यावर खळगा. क्रम एकच: बार टेकला, बारवाल्यानं "हां" म्हटलं, मगच गन. थांबताना आधी गन, मग बार. बार आधी निघाला तर गन थेट पत्रा बडवते, आणि तो खळगा पुढं कुठल्याही कोनातून ऊन पडलं तरी दिसतो. बार धरायला भाचा घ्यावा की आलेला पाहुणा, यावर माझं मत स्पष्ट आहे: भाचा. पाहुणा "हां" हा शब्द गप्पांच्या ओघातही म्हणतो.

आणि यातलं सगळ्यात रटाळ काम ठोकण्याच्या आधीचं. भोकं पाडून, क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी पत्रे एकत्र धरून (पाऊण सुताला चांदीच्या रंगाचे, एक सुताला तांब्याच्या, आणि शेकड्यांनी) पुन्हा पक्क्या मापाचं ड्रिल फिरवायचं. मग सगळं सोडवायचं. हो, जोडलेलं सगळं. कारण भोकाच्या काठाला उठलेली बर, म्हणजे धातूची दातरी कड, काढायची असते. ती तशीच राहिली तर दोन पत्रे एकमेकांना टेकत नाहीत, रिव्हेट मधल्या फटीत फुगतं, आणि उड्डाणाच्या थरथरीत चीर जन्मते ती त्याच दातऱ्या काठावर. एका रिव्हेटला दोन पत्रे, दोन भोकं, चार काठ. दहा हजार रिव्हेटं धरली तर चाळीस हजार काठ. काठाला दोन सेकंद म्हटलं तरी बावीस तास नुसतं मनगट फिरवायचं. तेही दोनच हलके फेरे; जोर लावला की पातळ पत्र्यात भोकाची वाटी होते. जपाची माळ ओढणाऱ्यांना हे काम जमतं. कुस्ती खेळलेल्यांच्या हाती देऊ नये, आणि आमच्या गल्लीत निम्मी पोरं तालमीतली.

चुकलेल्या रिव्हेटचं काय? टोपी एका बाजूला कलंडली, जास्त चेपली, किंवा गन घसरून डोक्याशेजारी चंद्रकोर उमटली, की काढायचं. डोक्यावरच्या खड्ड्यात ड्रिल टेकवून फक्त डोक्याच्या जाडीइतकंच खाली जायचं, पंच घालून डोकं तोडायचं, मागून आधार देऊन उरलेला दांडा हळूच बाहेर ठोकायचा. हात एवढासा हलला की भोक लंबगोल. मग त्यात एनएएस १०९७ हे रिव्हेट घालतात: अंग एका सुताचं, डोकं पाऊण सुतवाल्याइतकं. अमेरिकेतले बांधणारे त्याला 'ऊप्स रिव्हेट' म्हणतात. आमच्या शेडमध्ये त्याचं नाव 'आयला रिबिट'.

इथं एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. किंचित वाकडं रिव्हेट काढून भोक बिघडवण्यापेक्षा तसंच ठेवणं बऱ्याचदा जास्त मजबूत असतं. विमानाचे किट विकणारेही नवशिक्यांना हेच सांगतात. थोडक्यात, मारुतीच्या देवळाशेजारचे लेथवाले मामा चहाचा कप खाली ठेवून जेव्हा म्हणतात, "जाऊ दे की रं, कशाला उकरालायस, चालतंय की," तेव्हा दहातल्या सात वेळा ते बरोबर असतात. उरलेल्या तीन वेळा कोणत्या, हे शिकायलाच वर्षं लागतात. मामांना मी यातलं काही सांगितलेलं नाही.

सुतारांच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. कानावरची पेन्सिल शटरबाहेर काढून ठेवायची. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियमला लागलं की ओलाव्यात तिथं गंज धरतो, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओलावा मागावा लागत नाही. टोकदार सुईनं आखलेली रेघ तर चिरेला घालून दिलेली वाटच. बारीक टोकाचा मार्कर वापरायचा.

बोल्टचं दुखणं वेगळं. इथं "कच्चून आवळ" हा संस्कार आहे. एएन ३ बोल्ट म्हणजे दीड सूत जाड. त्याच्या नटाला वीस ते पंचवीस इंच-पाउंड इतकाच पीळ द्यायचा. पंचवीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला एक किलो साखरेची पुडी लटकवली तर जेवढं, तेवढंच. नायलॉनचा नट असेल तर नुसता फिरवायला लागणारा जोर आधी मोजून त्यात मिळवायचा. असा नट इंजिनाजवळ वापरायचा नाही. १२१ अंश सेल्सिअसच्या वर नायलॉन दगा देतं. जिथं बोल्टवर काही फिरतं तिथं खाचेचा नट आणि कॉटर पिन. "भाऊ, हाय टेन्साइल बोल्ट हाय की दुकानात, अख्खा थ्रेडवाला," हे ऐकलं की हात जोडावेत. ताकदीत तो कमी नसेलही, पण जिथं दोन पट्ट्या बोल्टला कात्रीसारख्या कापू बघतात तिथं गुळगुळीत दांडा हवा, थ्रेड नको. आवळून झालं की नटापासून पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची, गंध लावल्यासारखी. रेघ तुटलेली दिसली की नट हललाय.

इंजिनाबद्दल थोडकंच. ते बहुतेक जण आयतंच आणतात, रोटॅक्स ९१२ वगैरे, आणि ते शहाणपणाचं आहे. त्रास पेट्रोलचा. या इंजिनाला पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. पंपावर मिळतं ते वीस टक्क्यांचं. इथेनॉल जुन्या पद्धतीचे टाकीतले लेप सोडवतं आणि काही फायबरच्या टाक्या मऊ करतं. तपासायचं असेल तर मापाच्या नळकांड्यात दहा मिली पाणी, वर नव्वद मिली पेट्रोल, हलवून ठेवायचं. खालचा थर दहावरून अठ्ठावीसच्या आसपास चढला तर अठरा मिली इथेनॉल पाण्यात उतरलं. आणि ते आलं कुठून? कारखान्यांतून. म्हणजे शिरोळ-करवीरच्या उसानंच आमची टाकी खायची, आणि त्याच उसाच्या गुळाचा चहा आम्ही मत देणाऱ्यांना पाजायचा.

उन्हाळ्याचाही हिशेब धरावा लागतो. १९३९ सालापासून उजळाईवाडीला विमानतळ आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. एप्रिलच्या ३८ अंशांत तिथली हवा इतकी विरळ होते की इंजिनाला आपण १६०० मीटरवर, जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर आहोत असं वाटतं. शंभर घोड्यांतले पंधरा-एक घोडे दुपारी झोपतात. मंडपवाल्यांसारखंच, काम सकाळी.

कागदपत्रांवर लिहायचं तर वेगळा लेख होईल. मुंबईत चारकोपला अमोल यादव यांनी गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ साली ते 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं आणि नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात. ज्यांना रिव्हेट संथ वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शेवटी पंख तपासायचा. पंखाला जोर खालून वर मिळतो, म्हणून तो उलटा करून मुळाशी पक्का बांधायचा आणि वर वजन रचायचं. समजा विमान भरून ४५० किलो, त्यात दोन पंख मिळून ७०. उरलेल्या ३८० ला ३.८ पट (वळणा-झटक्यात पंखावर येणारा वाढीव जोर) धरलं की १४४४. उलटा पंख आपलं वजन आपणच लावतो, ते ७० वजा, राहिले १३७४. एका पंखावर ६८७ किलो. मुळाशी जास्त, टोकाकडं कमी, आणि पुढच्या काठापासून रुंदीच्या पाव भागावर मध्य धरून. लांब फळ्या घालायच्या नाहीत. फळीच वाकायला नको म्हणते आणि पंख फुकट पास होतो. आधी निम्मं वजन ठेवून काढायचं, सांधे बसू द्यायचे. मग पूर्ण. टोकाची उंची आधी, वजनाखाली आणि वजन काढल्यावर मोजायची. तिसरा आकडा पहिल्यावर परत आला नाही तर पत्र्यानं किंवा भोकांनी कायमची माघार घेतली असं समजायचं.

जगभर यासाठी वाळूची पोती वापरतात. वाळू पावसाळ्यात ओली होते आणि वजन बदलतं. आमच्याकडं गूळ आहे. दहा-दहा किलोचे एकोणसत्तर रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, झाले ६९० किलो. प्रत्येक काट्यावर तोलून वर खडूनं आकडा घालायचा, खाली गोणपाट, आणि रवा पंखातल्या बरगडीवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारावर) ठेवायचा, दोन बरगड्यांमधल्या मोकळ्या पत्र्यावर नाही. गुळाचा व्यापारी ओळखीचा हवा, आणि मोजपट्टी धरायला मामा. त्या दिवशी ते टोकाशी वाकून बसतात आणि अर्ध्या सुतासाठी तीनदा मोजायला लावतात.

गुळाचा एकच तोटा. अर्ध्या तासात मुंग्या येतात, आणि रवे उतरवले तरी जात नाहीत. पत्र्यांच्या जोडांतून, टाकीच्या झाकणाशेजारून आत उतरत राहतात. पण मुंगी शिरते तिथून पाणीही शिरतं, आणि एवढी बारकाईनं तपासणी दुसरं कुणी फुकट करत नाही. म्हणून औषध मारायची घाई करायची नाही. स्टूल घेऊन बसायचं आणि जिथं जिथं रांग आत जाते तिथं खूण करायची. मार्करनं.