दोन टक्के आणि एक बादली

छप्पर गळायला लागलं की आमच्या अभ्यासिकेत आधी बादली येते, मग पातेलं, मग तात्या. तात्या आमचे अध्यक्ष. बेळगावच्या शहापुरातल्या एका बंद पडलेल्या मागांच्या शेडमध्ये आम्ही विणकरांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. आज कपाटं आहेत तिथं एके काळी साड्या विणल्या जायच्या. मी सचिव. म्हणजे शिक्का माझ्या घरी असतो आणि चहाची उधारी माझ्या नावावर.

गेल्या जुलैत तात्या भिजत आले आणि दारातूनच म्हणाले, "काय गा, कंपन्यांनी दोन टक्के बाजूला काढून ठेवलेत म्हणे. जाऊन घेऊन यायचं की!"

तात्यांचं अर्धं बरोबर होतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. पण मोठ्या म्हणजे निव्वळ नफा ५ कोटी, नाहीतर उलाढाल १,००० कोटी, नाहीतर नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, ५०० कोटी. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ज्या फाउंड्रीवाल्याकडे तात्या पहिल्यांदा गेले, त्यानं त्यांना चहा पाजून स्वतःच्याच थकलेल्या बिलांची कहाणी सांगितली. तात्या त्याची गणपतीची वर्गणी निम्मी करून परत आले.

मग कळलं की मोठ्या कंपनीकडं जायचं तर प्रपोजल, म्हणजे पैसे कशाला हवेत ते मांडणारा प्रस्ताव लागतो, तोही इंग्रजीत, आणि तो लिहिणारी माणसं मोबदल्यावर मिळतात.

पहिला भेटला तो म्हणाला, "मिळालेल्या रकमेचे १० टक्के. नाही मिळालं तर काही नको." आमचे खजिनदार अण्णा खूश. 'नाही मिळालं तर काही नको' हे त्यांना थेट गीतेतलंच वाटलं. पण ऑडिटरनं पाणी ओतलं. "बजेटात हे कुठल्या रकान्यात दाखवणार? पत्रे, वासे, सुतार आणि कमिशन?" या कामातल्या अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनेच्या आचारसंहितेतही टक्केवारीवर लिहिणं वर्ज्य आहे, हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी आम्ही नुसतेच भ्यायलो.

दुसऱ्या भेटल्या त्या पुण्याच्या ताई. फी १५ हजार, निम्मी आगाऊ, देणगी मिळो न मिळो. आमच्या खात्यात होते १८,४००. बैठक दोन तास चालली. त्यात एक तास अण्णा पासबुकाकडं बघत बसले होते, जणू बघता बघता त्यात एखादं शून्य फुटेल. शेवटी ठराव झाला. सूचक तात्या, अनुमोदक मी, अण्णा तटस्थ.

ताईंनी कागद मागितले. आयकर सवलतीचे १२-ए आणि ८०-जी दाखले, पॅन, ३ वर्षांचे ऑडिट, आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झालेली सीएसआर-१ ची नोंदणी, म्हणजे कंपन्यांचा हा समाजकार्याचा पैसा घेणाऱ्या संस्थांनी सरकारकडं करायची. नोंदणीच्या दाखल्यावर कन्नडमध्ये 'बेळगावी', पॅन कार्डावर इंग्रजीत 'बेलगाम', बँकेत पत्ता एक आणि शाखा दुसरी, आणि आमच्या शिक्क्यावर ठसठशीत 'बेळगाव'. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं, पण आमच्या शिक्क्याला ते कुणी कळवलंच नाही. ताईंनी फोनवर विचारलं, "ही सगळी गावं तुमची कार्यक्षेत्रं आहेत का?"

एका दाखल्यासाठी कचेरीत गेलो. "नाळे बर्री," साहेब म्हणाले. नाळे म्हणजे उद्या. पण कचेरीतल्या नाळेचा आणि पंचांगातल्या उद्याचा काही संबंध नसतो. आमचा नाळे गौरी-गणपती ओलांडून दसऱ्याला उजाडला.

तोवर ताईंची व्हिडिओ कॉलवर शिकवणी चालू होती.

"सर, तुमचं आउटपुट काय?"

तात्यांना आयुष्यात कुणी सर म्हटलं नव्हतं. ते सावरून बसले. "म्हणजे?"

"म्हणजे मुलांना पुस्तकं किती दिली?"

"दिली की. हजारभर तरी."

"छान. आणि आउटकम? त्यातून पुढं काय झालं?"

तात्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "परत आली नाहीत."

मग मसुदा आला. २२ पानं. आम्ही तो शेडमध्येच वाचायला घेतला. बाहेर परतीचा पाऊस धो धो लागलेला, मध्ये बादली, तिच्यात टप टप. नवव्या पानावर अण्णा थांबले. "सततच्या दुष्काळानं होरपळलेल्या या भागात..." एवढ्यात एक थेंब नेमका त्याच ओळीवर पडला. आधीच्या कुणाच्या तरी प्रपोजलातला परिच्छेद तसाच आमच्यात आला होता. अण्णांनी हिशोब मांडला, २२ पानांतलं दीड पान उसनं, म्हणजे फीतून हजार रुपये वजा.

ताईंना मात्र खरंच वाईट वाटलं असावं. पुढच्याच आठवड्यात त्या स्वतःच्या खर्चानं रात्रीच्या बसनं आल्या. तात्यांच्या घरी वहिनींनी त्यांना आधी भाकरी वाढली, मग कुंदा. मग त्या शेडमध्ये जाऊन सतरंजीवर बसल्या. तिथं तात्यांचं रजिस्टर होतं. लाल कापडी बांधणीची ती वही, ११ वर्षांची. मुलाचं नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात तात्यांचे शेरे. 'आला नाही, आई आजारी.' 'मागावर बसला, सुटीत येतो म्हणाला.' 'पुस्तक बहिणीला दिलं, ती वाचतेय.' 'दहावी पास, पेढे घेऊन आला, पुस्तक विसरला.'

ताई बराच वेळ पानं उलटत होत्या. मग म्हणाल्या, "सर, बेसलाइन म्हणजे सुरुवातीची स्थिती, आउटकम, सगळं यात आहे. तुम्ही मला हे आधी का नाही दाखवलं?"

"तुम्ही आउटकम मागितलात," तात्या म्हणाले. "ही तर न आलेल्या पुस्तकांची वही."

नवा मसुदा ८ पानांचा झाला. त्यात दुष्काळ नव्हता, बहिणीला दिलेलं पुस्तक होतं. अण्णांनी उरलेली निम्मी फी न कापता दिली, वर करदंट मिठाईचा पुडा दिला. हे मी इतिवृत्तात मुद्दाम नोंदवून ठेवलंय, कारण असं परत घडेल याची खात्री नाही.

अर्ज भरायच्या रात्री पोर्टल म्हणालं, संस्थेची माहिती २५० अक्षरांत द्या. आमच्या नावातच 'बहुउद्देशीय शैक्षणिक, सांस्कृतिक व क्रीडा' आहे. नाव लिहून झाल्यावर काम सांगायला फार जागा उरली नाही.

मार्च उजाडला तसा कंपनीतून फोन आला. प्रपोजल आवडलं होतं. रजिस्टरची गोष्ट तर साहेबांना फारच भावली होती. फक्त छपराचं काम यंदाच्या त्यांच्या यादीत बसत नव्हतं, 'डिजिटल शिक्षण' बसत होतं, आणि खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा होता. आठवड्यात ४ संगणक आले. नारळ फुटला, फोटो झाला, मागं कंपनीचा फलक आणि पुढं आम्ही.

जूनच्या ७ तारखेला पहिली सर आली. तात्यांनी बादली आणली, पातेलं आणलं, मग संगणकांकडं बघितलं आणि घरी जाऊन वहिनींचा टेबलावरचा प्लास्टिकचा कपडा काढून आणला. चारांवर तो पुरेना. दोघांवर छत्र्या उघडून ठेवल्या. मग माझ्या फोनवरून त्यांनी पुण्याला फोन लावला.

"ताई, नमस्कार. एका ताडपत्रीचं प्रपोजल लिहायला किती घ्याल?"