भुतियाचा क्लब, गिरणगावचा क्लब: बेरी

१९९९ च्या ऑक्टोबरात आपला फुटबॉलपटू बायचुंग भुतिया इंग्लंडमध्ये खेळला, ही बातमी मी शाळेत असताना वाचली. फुलहॅम, वेस्ट ब्रॉम, अ‍ॅस्टन व्हिला यांच्याकडे ट्रायल देऊन झाल्या होत्या, त्यांनी घेतलं नाही. घेतलं ते बेरी एफसी या लहानशा क्लबनं. कार्डिफविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून मैदानात आला. पहिल्या गोलसाठी पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागलं, तो चेस्टरफील्डविरुद्ध झाला. तीन मोसमांत लीगचे ३७ सामने आणि ३ गोल. दुखापतींनी बराच वेळ खाल्ला. आकडे लहान दिसतात, पण ज्या काळात भारतीय फुटबॉलपटूला युरोपात कुणी दारात उभं करत नव्हतं, त्या काळात या क्लबनं करार केला. तेव्हापासून बेरी माझा क्लब आहे.

बेरी म्हणजे मँचेस्टरच्या उत्तरेचं, जुन्या लँकेशरमधलं गिरणगाव. कापडाच्या गिरण्या, कागदाच्या गिरण्या, आठवडाभर राबणारी माणसं आणि शनिवारच्या दुपारी फुटबॉल. १८८५ च्या एप्रिलमध्ये व्हाइट हॉर्स नावाच्या हॉटेलात दोन चर्चच्या संघांतली माणसं एकत्र बसली आणि क्लब जन्माला आला. त्याच वर्षी गिग लेनचं मैदान मिळालं. १८९४ ला फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या व्यावसायिक क्लबांच्या लीगमध्ये, प्रवेश, पहिल्याच मोसमात दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद, आणि पुढे सलग १९१२ पर्यंत पहिल्या डिव्हिजनमध्ये.

त्यातली १९०३ ची गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. एफए कप या इंग्लंडच्या बाद-फेरी स्पर्धेची फायनल, लंडनमधलं क्रिस्टल पॅलेसचं मैदान, समोर डर्बी काउंटी. बेरीनं ६-० नं जिंकलं. त्या संपूर्ण स्पर्धेत, पहिल्या फेरीपासून फायनलपर्यंत, त्यांच्यावर एकही गोल झाला नव्हता! तीन वर्षांपूर्वी, १९०० ला, साउदॅम्प्टनला ४-० हरवून त्यांनी कप एकदा नेला होताच. फायनलमधल्या सहा गोलच्या फरकाला पुढे ११६ वर्षं कुणी हात लावू शकलं नाही. २०१९ च्या मे महिन्यात मँचेस्टर सिटीनं वॉटफर्डला ६-० हरवून बरोबरी केली. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बेरीला लीगमधून काढून टाकण्यात आलं.

मधला शंभर वर्षांचा काळ झपाट्यानं सांगतो, कारण लहान क्लबांचा तो असाच असतो: वर-खाली, वर-खाली. १९२६ ला पहिल्या डिव्हिजनमध्ये चौथा क्रमांक, १९२९ ला तिथून घसरण, मग परत कधीच वर नाही. नव्वदच्या दशकात मॅनेजर स्टॅन टर्नंटच्या हाताखाली लागोपाठ दोन बढत्या, म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये प्रवेश. १९९८ च्या फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मेन रोडवर १-० नं हरवलं. २००२ ला दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना पाठीराख्यांनी खिशातले पैसे काढून क्लब जगवला. २००५ ला इंग्लंडच्या वरच्या चारही डिव्हिजनमध्ये प्रत्येकी हजार गोल पूर्ण करणारा पहिला क्लब हाच. हा विक्रम मला फार आवडतो. चारही पायऱ्यांवर भरपूर काळ घालवल्याशिवाय तो होतच नाही.

आता २०१९. खर्च कमाईच्या बाहेर गेला होता, मैदान गहाण पडलं होतं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये क्लब १ पौंडाला विकला गेला. नव्या मालकाकडे क्लब चालवायला पैसे आहेत का, याचा पुरावा हातात येण्याआधीच व्यवहार झालेला होता. आणि याच मोसमात, पगार थकलेले असताना, मॅनेजर रायन लोच्या संघानं चौथ्या डिव्हिजनमध्ये दुसरा क्रमांक मिळवून बढती घेतली. त्या खेळाडूंबद्दल मला किती आदर आहे हे शब्दांत मांडता येत नाही. नव्या मोसमाचे सामने एकामागून एक पुढे ढकलले गेले. २७ ऑगस्टला विक्रीची शेवटची बोलणी चालू असताना शेकडो माणसं झाडू, बादल्या घेऊन गिग लेनवर जमली. सामना झालाच तर मैदान तयार हवं म्हणून त्यांनी खुर्च्या पुसल्या, स्टँड झाडले. बोलणी फिसकटली. रात्री निर्णय आला. लीगमधली १२५ वर्षं संपली.

माझं ठाम मत आहे की ही शिक्षा चुकीच्या माणसांना झाली. कर्ज काढणारे वेगळे, मैदान गहाण टाकणारे वेगळे, आणि शनिवार गेला तो मैदान झाडणाऱ्यांचा. आजोबा-वडील-नातू अशा तीन पिढ्या एकाच रांगेत बसत होत्या, त्यांना कुणी काही विचारलं नाही. मालक बदलतो, गाव बदलत नाही. म्हणून मैदान विकायचं किंवा गहाण टाकायचं तर पाठीराख्यांची संमती घ्यावीच लागेल, असा नियम आधीपासून असायला हवा होता. आपल्याकडेही हे दुःख ओळखीचं आहे. ज्या जेसीटीकडून भुतियानं १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली, तो फगवाड्याचा संघ २०११ ला बंद झाला. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईचा महिंद्रा युनायटेड. कंपनीनं ठरवलं, संघ संपला.

बेरीत मात्र तसं झालं नाही. काही पाठीराख्यांनी बेरी एएफसी हा नवा क्लब काढला आणि शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर खालच्या लीगमध्ये खेळायला सुरुवात केली. बाकीच्यांनी ठरवलं, गिग लेन परत मिळवल्याशिवाय हलायचं नाही. २०२२ ला सरकारी निधीचे १० लाख पौंड आणि देणगीदारांचे पैसे मिळून मैदान विकत घेतलं गेलं. पण दोन गटांत कटुता आली होती. एकत्र यायचं का, यावर पहिलं मतदान फसलं. या काळात मी दोन्ही बाजूंचं बरंच वाचलं. एकाही बाजूला दोष द्यावासा वाटला नाही. एकानं खेळ जिवंत ठेवला, दुसऱ्यानं घर. २०२३ ला दुसऱ्या मतदानात जमलं आणि बेरी एफसी नाव घेऊन संघ गिग लेनवर परतला, नवव्या पायरीच्या नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगमध्ये. तिथे बाकी संघांच्या सामन्यांना बहुतेक वेळा काही शेच माणसं येतात. बेरीच्या घरच्या सामन्यांना तीन-तीन हजार.

बेरीच्या हकालपट्टीनंतर माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली फुटबॉलच्या कारभाराची चौकशी झाली, आणि २०२५ च्या जुलैत ब्रिटिश संसदेचा कायदा झाला. मालकांची पारख करणारा, मैदानांच्या विक्रीवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र नियामक आता तिथे आहे. बेरीसाठी तो सहा वर्षं उशिरा आला.

त्याच २०२५ च्या वसंतात बेरीनं लीग जिंकली आणि आठव्या पायरीवर पाऊल ठेवलं. तिथून फुटबॉल लीगमध्ये परतायला चार बढत्या लागतात. हिवाळ्यात शनिवारी रात्री साडेआठला, आपल्याकडे जेवणाची ताटं मांडली जातात तेव्हा, गिग लेनवर सामना सुरू होतो. मी जेवून उठलो की आधी निकाल बघतो.