‘वयाने फारसा फरक पडत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, चिरल्यावर होणाऱ्या तातडीच्या ऑपरेशनमध्ये ‘वयाने फारसा फरक पडत नाही’ असं लिहून मी लोकांना भलती आशा लावली. मायकेल डिबेकी ९७व्या वर्षी त्यातून उठले खरे, पण त्या ऑपरेशनच्या आद्य सर्जनांपैकी ते एक, हॉस्पिटल घरचंच. तुमचे ७१ वर्षांचे थोरले भाऊ मात्र तिसऱ्या दिवशी गेले. वर टोमणा, की आधीच टक्केवारी सांगणं ही डॉक्टरांची हात झटकायची सोय.

पहिला मुद्दा मान्य. वाक्य ढिलंच होतं. या आजाराची आंतरराष्ट्रीय नोंदवही १९९६ पासून ठेवली जाते. तिच्यावरून २००२ मध्ये जोखमीचं गणित मांडलं गेलं, त्यात सत्तरीपुढच्यांना मृत्यूची शक्यता साधारण पावणेदोनपट निघाली. पण त्याच तक्त्यात रक्तदाब कोसळलेला किंवा हृदयाभोवती रक्त साचलेलं असेल तर ती जवळजवळ तिप्पट, आणि मूत्रपिंडं निकामी झालेली असतील तर पावणेपाचपट आहे. माणूस किती वर्षांचा आहे यापेक्षा तो टेबलावर कुठल्या अवस्थेत येतो ते जड पडतं, एवढंच मला म्हणायचं होतं.

डिबेकींचं उदाहरणही चुकलं. ३१ डिसेंबर २००५ ला त्यांना दुखायला लागलं, ऑपरेशन झालं ९ फेब्रुवारी २००६ ला. मधे ते स्वतःच ऑपरेशन टाळत होते. शेवटी शुद्ध हरपली तेव्हा तिथल्या भूलतज्ज्ञांनी आधी नकार दिला (मीही भूलतज्ज्ञच; त्यांच्या जागी असतो तर? बहुधा मीही), एथिक्स कमिटी बसली, पत्नीने आग्रह धरला. मग कित्येक आठवडे व्हेंटिलेटर, डायलिसिस, आणि बिल दहा लाख डॉलरच्या वर. हे सगळं कोणाच्या वाट्याला येणार? शिवाय चाळीस दिवस तगलेला पेशंट हा पहिल्या दोन दिवसांची, म्हणजे सगळ्यात जास्त धोक्याच्या काळाची, चाळणी पार करून आलेला असतो.

आता अवस्था म्हणजे काय. महाधमनीच्या भिंतीला तीन थर. आतला चिरतो, रक्त थरांच्या मधे घुसतं आणि सुटलेला पापुद्रा महाधमनीच्या फांद्यांच्या तोंडावर जाऊन बसतो. पायाची फांदी झाकली तर पाय गार. आतड्याची झाकली तर पोट दुखतं, रक्तातलं लॅक्टेट (रक्तपुरवठा तुटल्याची खूण) चढत जातं. अशा वेळी छातीतली महाधमनी कितीही सुबक शिवली तरी पेशंट पोटाने जातो.

आणि हृदयाभोवती रक्त साचलं असेल, तर सगळ्यात वाईट क्षण माझ्याच हातात असतो. भुलेच्या औषधाने रक्तवाहिन्या सैलावतात, आणि आधीच दाबलं गेलेलं हृदय ते सावरू शकत नाही. म्हणून पेशंट जागा असतानाच छाती रंगवून चादरी लावतो, सर्जन हात धुऊन शेजारी उभा राहतो, आणि मग मी सिरिंजला हात घालतो. पेशंट छताकडे बघत विचारतो, ‘झालं का डॉक्टर?’ तेव्हा अजून काहीच सुरू झालेलं नसतं.

टक्केवारीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. त्याच नोंदवहीच्या २०००च्या अहवालात ऑपरेशन झालेल्यांपैकी २६ टक्के हॉस्पिटलमध्येच दगावले, फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी ५८. पुढे ऑपरेशनचा आकडा १८ पर्यंत उतरला. सही घेण्यापूर्वी घरच्यांना ऑपरेशनचा आणि नुसत्या औषधांचा, दोन्ही आकडे कळायला हवेत. नुसता ऑपरेशनचाच सांगितला, तर तुमचा टोमणा रास्त.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की ‘आधी हार्ट अटॅक म्हणून गोळ्या दिल्या’. ते मला जास्त बोचलं. अशी गफलत होते. चीर उजव्या कोरोनरीपर्यंत (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीपर्यंत) गेली तर ईसीजीही अटॅकसारखाच दिसतो. पण अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हेपारिन ही रक्त गोठू न देणारी औषधं पोटात आणि शिरेत गेल्यावर ऑपरेशनमध्ये रक्त थांबता थांबत नाही, आणि मधले तास गेले ते गेलेच. भावांना ऑपरेशनला घ्यायला नको होतं का, याचं उत्तर कागद पाहिल्याशिवाय मी देणार नाही. फाइलमध्ये पहिल्या ईसीजीची आणि सीटीची वेळ असेल, तेवढी बघून कळवा. दोन्ही हातांचा रक्तदाब मोजल्याची नोंद कुठे सापडली, तर तीही; दोन हातांत फरक असेल तर चिरेचा संशय तिथेच यायला हवा होता.